सोलापूरच्या पाण्याच्या दोन्ही चाव्या आपल्याच हाती आहेत

प्रति,
मा. श्री. मनोहर लाल,
केंद्रीय गृहनिर्माण व शहरी व्यवहार मंत्री आणि केंद्रीय ऊर्जा मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,
स. न. वि. वि.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहणारी एक निवृत्त शिक्षिका. बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. पत्र मराठीत लिहिते आहे, कारण ते आपल्याबरोबर माझ्या गावानेही वाचावं असं वाटतं. हिंदी प्रत टपालाने वेगळी पाठवली आहे.

आधी माझ्या हजेरीपटाबद्दल सांगते. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. कधी तीन, कधी चार, कधी पाच दिवसांआड पाळी येते, आणि हे वर्षानुवर्षं चालू आहे. ज्या दिवशी ज्या गल्लीची पाळी, त्या दिवशी त्या गल्लीतल्या मुली वर्गात नसायच्या. मुलगे यायचे. मुलींच्या नावापुढे लाल शाईची खूण पडायची. पहिली काही वर्षं मी दुसऱ्या दिवशी विचारायची, "काल का आली नाहीस गं?" उत्तर ठरलेलं असायचं, "बाई, पाणी होतं." पहिलीतल्या एखादीला मराठी अजून नीट यायचं नाही, घरी तेलुगू बोलायची, ती नुसतं "नीळ्ळु" म्हणून खाली बघायची. पुढे पुढे मी विचारणं सोडलं. कुठली बाकं रिकामी आहेत ते पाहिलं की आज कुठल्या गल्लीत पाणी आहे ते कळायचं.

त्या मुलींच्या आया विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, आणि मजुरी हजारावर. पाण्याच्या दिवशी हजार भरत नाहीत. रात्री दोनला नळ आला तर रात्र जाते, सकाळी दहाला आला तर दिवस जातो. पिंपं, घागरी, पातेली, अगदी चहाचे टोपसुद्धा भरून ठेवायचे, कारण पुढची पाळी नक्की कधी ते कोणीच छातीठोक सांगत नाही. मजुरी तुटते ती तुटतेच. ती कुठल्या हिशेबात धरली जात नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी रस्त्यात व्हॉल्व्हचा खड्डा आहे. चावीवाले मामा रात्री-अपरात्री सायकलवरून येतात, लोखंडी लांब चावी खड्ड्यात घालतात आणि अंगाचा भार टाकून फिरवतात. बायका दारात उभ्याच असतात. कोणी विनवतं, अजून दहा मिनिटं ठेवा म्हणून. एकदा ते मला म्हणाले, "बाई, चावी माझ्या हातात हाय, पण पाणी कुठं माझ्या हातात हाय?"

साहेब, हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. म्हणूनच हे पत्र आपल्याला लिहिते आहे. आपल्या हातात चावीही आहे आणि पाण्याचा एक मोठा वाटाही आहे. जून २०२४ पासून शहरांचं खातं आणि विजेचं खातं अशी दोन्ही खाती आपल्याकडे आहेत. सोलापूरच्या पाण्याचा एक पेच नेमका या दोन खात्यांच्या मध्ये आहे. मंत्री वेगवेगळे असते तर एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं असतं. आज तसं होण्याचं कारण नाही.

सोलापूर उजनीवर जगतं. धरणाची साठवण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातलं अर्ध्याहून जास्त मृतसाठ्यात. धरणातून शहरापर्यंत शंभरावर किलोमीटरची जलवाहिनी आहे. जोडीला भीमेच्या पात्रात पाणी सोडून ते औज आणि चिंचपूरच्या बंधाऱ्यांत अडवायचं आणि टाकळीहून उचलायचं, अशी दुसरी वाट आहे. ही दुसरी वाट फार महाग पडते. बंधाऱ्यात साठतं त्याच्या कितीतरी पट पाणी धरणातून सोडावं लागतं. बाकीचं नदीचं पात्र आणि ऊन पिऊन टाकतं. म्हणून समांतर जलवाहिनीची मागणी आली. १७० एमएलडीची, म्हणजे रोज १७ कोटी लिटरची, ती वाहिनी मिळावी म्हणून या शहराने किती वर्षं अर्ज-विनंत्या केल्या हे इथल्या कोणालाही विचारा. (पुणे-पिंपरीचं सांडपाणी उजनीत उतरतं, ही आमची आणखी एक तक्रार आहे. तिला वेगळं पत्र लागेल.)

त्याच उजनीतून आणखी एक जलवाहिनी निघते. ती एनटीपीसी या केंद्र सरकारच्या वीज कंपनीच्या आमच्या औष्णिक प्रकल्पाला जाते. आमचा म्हणते, कारण तो आमच्या उशाशी, होटगी-फताटेवाडीच्या माळावर उभा आहे, आणि तो इथे आला तेव्हा देशाचे ऊर्जामंत्री आमच्याच गावचे होते. सुशीलकुमार शिंदे २००६ ते २०१२ त्या खुर्चीत होते. गावचा माणूस दिल्लीत बसला की गावाला काय मिळतं याचं उदाहरण म्हणून आम्ही त्या चिमण्यांकडे बघत आलो. प्रकल्प १३२० मेगावॅटचा, ६६० चे दोन संच; पहिला २०१७ मध्ये चालू झाला, दुसरा २०१९ मध्ये. विजेबद्दल माझी तक्रार नाही. देशाला वीज लागते, आणि तिथे आमच्या पोरांना कामही मिळालं.

माझा प्रश्न तो प्रकल्प कोणतं पाणी वापरतो एवढाच आहे.

२०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारने वीज दर धोरणात बदल केला. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की, शहराच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत असलेल्या औष्णिक वीज प्रकल्पांनी प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरणं बंधनकारक आहे. त्यासाठी येणारा खर्च वीज दरात धरण्याची मुभाही तिथेच दिली आहे. सोलापूरची प्रक्रिया केंद्रं देगाव, प्रतापनगर आणि कुमठे इथे आहेत. नकाशावर पट्टी ठेवली तर ५० किलोमीटरच्या निम्म्यातच सगळं बसतं.

मी गणित शिकवायची, म्हणून एक गणित मांडते. १३२० मेगावॅट पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालले तर दिवसाला सुमारे ३ कोटी १७ लाख युनिट वीज तयार होते. २०१७ नंतरच्या औष्णिक प्रकल्पांना पर्यावरण मंत्रालयाने घालून दिलेली पाण्याची कमाल मर्यादा युनिटमागे ३ लिटर आहे. म्हणजे दिवसाला साडेनऊ कोटी लिटर. आता आमच्या तिन्ही केंद्रांची बांधीव क्षमता बघा: देगाव ७५ एमएलडी, प्रतापनगर १५, कुमठे साडेबारा. बेरीज १०२.५ एमएलडी, म्हणजे सव्वादहा कोटी लिटर. चौथीतल्या मुलीलाही हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की काय करायचं ते सुचेल.

साडेनऊ कोटी लिटर म्हणजे माणशी १३५ लिटर या आपल्याच मंत्रालयाच्या मापाने सात लाख लोकांचं रोजचं पाणी.

प्रकल्प रोज पूर्ण क्षमतेने चालत नाही हे मला माहीत आहे. प्रक्रिया केंद्रंही पूर्ण क्षमतेने चालतात असं नाही. वीज प्रकल्पाच्या यंत्रांना चालेल इतकं ते पाणी आणखी शुद्ध करावं लागेल, त्यासाठी वेगळी यंत्रणा लागेल, ते माळावर चढवायला पंप लागतील. नाल्याकाठच्या शेतकऱ्यांचं म्हणणं आधी ऐकून घ्यावं लागेल. त्यांना कोरडं ठेवून आम्हाला पाणी नको. पण यातली एकही अडचण अशी नाही जी दुसऱ्या कुठल्या शहराने सोडवलेली नाही. नागपूरच्या भांडेवाडीचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं. कोराडीला जमलं ते फताटेवाडीला न जमायला काय झालं?

आणि आपल्याला तर हे मी सांगण्याची गरजच नाही. हरियाणाने २०१९ मध्ये प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याच्या फेरवापराचं धोरण आणलं, तेव्हा तिथले मुख्यमंत्री आपणच होता. पाण्यावरून राज्या-राज्यांत काय काय होतं ते आपण जवळून पाहिलं आहे. म्हणून मला आशा वाटते की, हे पत्र आपल्या हाती पडलं तर ते बाजूला ठेवलं जाणार नाही.

या विषयावर आमच्याकडे बोलणी झालीच नाहीत असं नाही. बैठका, पाहण्या, प्रस्ताव या शब्दांनी आमच्या वर्तमानपत्रांचे रकाने भरले आहेत. पण प्रत्येक वेळी बोलणं एका ठिकाणी येऊन थांबतं. महापालिका म्हणते, आमच्या हातात नाही. प्रकल्प म्हणतो, वरून आदेश हवा. उजनीच्या पाण्याचं आरक्षण राज्याच्या जलसंपदा खात्याकडे आहे, त्यामुळे राज्यालाही बसावं लागतं. आपण म्हणाल, पाणी हा राज्याचा विषय आहे. बरोबर आहे. पण एनटीपीसी राज्याची नाही, आपली आहे. तिने सांडपाणी घ्यायचं ठरवलं आणि तेवढं उजनीचं आरक्षण मोकळं केलं, तर राज्यापुढे आमची मागणी भक्कम होते. पहिलं पाऊल दिल्लीत पडायला हवं.

आता महापौरांबद्दल.

मार्च २०२२ मध्ये आमच्या नगरसेवकांची मुदत संपली. तेव्हापासून जानेवारी २०२६ पर्यंत शहरात एकही नगरसेवक नव्हता. जवळजवळ चार वर्षं प्रशासक. निवडून आलेली संस्था नसली की वित्त आयोगाचं अनुदानही अडतं, हे महाराष्ट्रातल्या शहरांनी या काळात अनुभवलं. गल्लीतला दिवा गेला तर कुणाला सांगायचं हा प्रश्न लहान वाटतो. पण दिल्लीत शहराच्या नावाने कोण बोलणार, हाही प्रश्न त्या चार वर्षांत तसाच लटकत राहिला. आता १०२ नगरसेवक आहेत, महापौर आहेत. आणि महापौर झाले की दिल्लीची वारी आलीच.

ही वारी मी लहानपणापासून वर्तमानपत्रात पाहते आहे. शिष्टमंडळ जातं. मंत्र्यांच्या दालनात सोलापुरी चादर देऊन सत्कार होतो, सिद्धेश्वरांची प्रतिमा देतात, हातात निवेदन देतात, फोटो निघतो. दुसऱ्या दिवशी बातमी येते की, मंत्रिमहोदयांनी सकारात्मक प्रतिसाद दिला. त्या निवेदनात बारा-पंधरा मागण्या असतात: उड्डाणपूल, रेल्वेगाडी, टेक्स्टाइल पार्क, विमान, पाणी. पाणी बहुधा मधेच कुठेतरी. पाठपुराव्याने काही मिळतही असेल. विमानसेवेसाठी गाव किती झुंजलं, आणि जून २०२५ मध्ये गोव्याचं विमान उडालं. मला आनंद झाला. पण मी एकदाही विमानात बसलेली नाही आणि माझ्या शाळेतल्या मुलींच्या आया तर नाहीच नाही. नळाशी मात्र आम्ही सगळ्या आहोत.

चादर द्यायला जाणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. चादर आमच्या गावची आहे, ती देताना कोणालाही अभिमान वाटावा. मला खटकतं ते एवढंच की, साडेनऊ लाखांच्या गावाने निवडून दिलेला प्रतिनिधी दिल्लीत अर्जदार म्हणून उभा राहतो. राज्यघटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने, १९९३ पासून, नगरपालिकांना घटनेत स्थान दिलं. बाराव्या अनुसूचीत त्यांच्या कामांची यादी आहे आणि पाणीपुरवठा त्या यादीत आहे. काम घटनेने आमच्याकडे दिलं, पण पैसा? जकात गेली, मग एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी तोही गेला, पुढे जीएसटी आला. आता महापालिका राज्याकडून येणाऱ्या अनुदानाची वाट पाहते. ज्याच्याकडे काम आहे त्याच्याकडे पैसा नाही, म्हणून तो निवेदन घेऊन फिरतो. हे १९३० मध्ये नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा फडकवणारं गाव आहे. त्या गावाच्या महापौरांना समोरच्या खुर्चीत बसवून बोलावं, एवढा मान मी मागते आहे.

मोजणीचाही एक घोळ सांगते. २०११ च्या जनगणनेत आमची लोकसंख्या ९,५१,५५८ निघाली. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी दहा लाखांवरच्या शहरांना पाणी, स्वच्छता आणि हवेसाठी वेगळा निधी ठेवला. महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, वसई-विरार, औरंगाबाद त्यात गेले. सोलापूर राहिलं, ४८,४४२ माणसांनी. खरं बोलायचं तर त्याच मोजणीचा एका ठिकाणी आम्हाला फायदाही होतो, अमृत २.० या शहरांच्या पाण्यासाठीच्या केंद्राच्या योजनेत दहा लाखांखालच्या शहरांना केंद्राचा वाटा जास्त आहे, तेहतीस टक्के. पण पंधरा वर्षांपूर्वीच्या आकड्यावर आजची टाकी बांधायची कशी? नवी जनगणना २०२७ ची आहे, तिचे आकडे हाती यायला आणखी वेळ जाईल. तोवर हद्दवाढ भागात घरं उभी राहतच आहेत. १९९२ च्या हद्दवाढीत आलेल्या कितीतरी वस्त्यांत आजही जलवाहिन्यांचं जाळं पुरं नाही. समांतर वाहिनीने पाणी शहराच्या वेशीपर्यंत येतं. वेशीपासून घरापर्यंतच्या वाहिन्या जुन्या, अरुंद, कुठे फुटक्या, कुठे नाहीतच. तिथल्या कामासाठी आपल्या मंत्रालयाने २०११ चा आकडा न धरता आजची घरं मोजून वाटा द्यावा.

आपल्या मंत्रालयाने आमच्यासाठी काही केलंच नाही असं मी म्हणणार नाही. कुंभारीच्या माळावर रे नगर उभं राहिलं. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, शिलाई कामगार अशा असंघटित लोकांसाठी ३०,००० घरांची योजना. पंतप्रधान जानेवारी २०१९ मध्ये पायाभरणीला आले आणि १९ जानेवारी २०२४ ला १५,००० घरांच्या चाव्या द्यायला परत आले. त्यामागे नरसय्या आडम मास्तरांचा किती वर्षांचा पाठपुरावा आहे हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. माकपचा माणूस, सरकार भाजपचं. घरं मिळत होती म्हणून त्यांनी जाहीर कौतुक केलं आणि त्यापायी पक्षाची कारवाईही सोसली. माझी एक माजी विद्यार्थिनी तिथे राहायला गेली. घर दाखवताना तिने मला आधी स्वयंपाकघरात नेलं, नळ सोडला आणि बंद केला. पुन्हा सोडला, पुन्हा बंद केला. खोल्या नंतर दाखवल्या.

म्हणजे गाव एका मागणीवर ठाम राहिलं आणि दिल्लीने ती मनावर घेतली तर होतं. पक्ष आड येत नाहीत. आज आमचा खासदार एका पक्षाचा, महापालिका दुसऱ्या पक्षाची. मला त्याची चिंता वाटत नाही. पाण्याच्या रांगेत आम्ही कोणी कोणाला पक्ष विचारत नाही.

म्हणून माझं मागणं बारा-पंधरा कलमांचं नाही. आपण एक बैठक बोलवावी. त्या बैठकीला आपल्या दोन्ही मंत्रालयांचे सचिव असावेत, एनटीपीसीचे अधिकारी असावेत, राज्याच्या जलसंपदा आणि नगरविकास खात्याची माणसं असावीत, आणि सोलापूरचे महापौर व आयुक्त असावेत. विषय एकच असावा: २०१६ च्या धोरणाप्रमाणे सोलापूरचं सांडपाणी प्रकल्पाने किती घ्यायचं, कोणत्या तारखेपासून घ्यायचं, शुद्धीकरणाचा आणि वाहिनीचा खर्च कोणी करायचा, आणि तेवढं उजनीचं पाणी शहराच्या नावे कधी लिहायचं. बैठकीचं इतिवृत्त छापून सगळ्यांना मिळावं. सहा महिन्यांनी त्याच लोकांनी पुन्हा बसावं आणि काय झालं ते सांगावं.

आमच्या महापौरांनाही याच पत्रातून विनंती करते. आपण दिल्लीला जाल तेव्हा चादर जरूर न्या. पण निवेदनाच्या कागदावर या खेपेला हा एकच विषय ठेवा. जाताना तिन्ही प्रक्रिया केंद्रांचे रोजचे आकडे सोबत न्या, किती पाणी येतं, किती शुद्ध होतं, किती नाल्यात जातं. आपलेच आकडे कच्चे असतील तर समोरच्याला टाळायला निमित्त मिळतं. आधी ती केंद्रं नीट चालवा. तिथला शहाणपणा दिल्लीकडे मागायचा नाही, तो आपलाच असायला हवा.

मंत्रिमहोदय, आपलं सोलापूरला येणं झालं तर विश्रामगृहातून एक तास काढून पूर्व भागात या, पाळीच्या रात्री या. चावीवाले मामा खड्ड्याशी असतील. मुली पाइप धरून उभ्या असतील, त्यातल्या काहींची सकाळी परीक्षा असेल. त्यांच्याशी बोला. त्यांना हिंदी येतं.

बैठकीची तारीख ठरली की ती महापौरांना कळवावी. मी पत्राची पोच मागत नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
पूर्व भाग, सोलापूर